एकतिसावी ओळ

शेवंता, तुझ्या तेरवीला आज आठ दिवस झाले. तेरवीच्या यादीत सत्तावीस कामं होती, त्यातली सव्वीस झाली. उरलेल्या पत्रावळी परत केल्या, मंडपाच्या दोऱ्या मोजून दिल्या, तुझ्या लेकाला, रमेशला, पाहुण्यांच्या पंगतीत धरून बसवलं आणि दोन घास खायला लावले. सत्ताविसावं काम मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, कारण ते माझ्याच्यानं होईल की नाही याची खात्री नव्हती. पेननं लिहिलं ते पक्कं, पेन्सिलीनं लिहिलं ते बदलू शकतं, हा माझा नियम तुला ठाऊक आहे. त्यावरून तू मला पुष्कळ चिडवलंस. सत्ताविसावं काम असं होतं: शेवंताशी भांडणे.

आज दुपारी वेळ आहे. बस इथी आणि ऐकून घे. मधे बोलायचं नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच तुला जमणार आहे.

मी या गावची आशा, आरोग्याचं काम बघणारी कार्यकर्ती. सगळ्या गावाचं दुखणंखुपणं माझ्या वहीत. दर महिन्याला घरोघर जायचं, नाव वाचायचं, विचारायचं, लिहायचं. तळ्याच्या बाजूनं सुरुवात केली की तुझं घर तिसरं. तू ओट्यावर बसलेली असायचीस, कधी मासे साफ करत, कधी तांदूळ निवडत. मी उभ्यानंच विचारायची, “काही तक्रार?”

“हाय ना,” तू म्हणायचीस. “एक बाई दर महिन्याले येते आन डोकं खाते.”

“खरं सांग वो.”

“नाई बाप्पा, काईच नाई. लिही नाई.”

मी लिहायची. पेननं. तुझ्या नावापुढे एका खाली एक “नाही” आहेत, सगळे माझ्या अक्षरात. काल रात्रीपर्यंत मी ते मोजले नव्हते. आज सकाळी मोजले. त्यातले शेवटचे चोवीस खोटे आहेत.

चोवीस कसे, ते मला दवाखान्यात कळलं. चंद्रपूरला, बाकावर. तू आत होतीस, नळ्या लावलेल्या, कोणाला ओळखत नव्हतीस. रमेश मोहर्लीच्या जंगलातून पर्यटकांची गाडी तशीच टाकून आला होता. त्याच्या अंगात अजून खाकी शर्ट होता आणि हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाला, “मावशी, डॉक्टर जुने कागद मांगून राह्यले. हे तांदळाच्या ढोलीमागं भेटले. तुमीच वाचा, मले नाई समजत.”

मी वाचले. मला समजतात. सगळ्यात जुना कागद दोन वर्षांपूर्वीचा होता. मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, असं त्यावर लिहिलेलं. पुढच्या कागदांवर आकडे वाढत गेलेले. एका कागदावर डॉक्टरांनी मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचा सल्ला दिला होता, आठवड्यातून दोनदा, आणि खाली तुझा अंगठा. तुला सही करता येते, शेवंता. मीच शिकवली होती, बचतगटाच्या वेळी. तू तिथे अंगठा दिलास. म्हणजे तिथेही तू जराशी दुसरीच कोणी झालीस.

बाकावर माझ्या शेजारी भुराबाई बसली होती. गावात जाळी विणायला शिकवणारी, पंचाहत्तरीची, अक्षरओळख नसलेली भुराबाई. तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हाच मला कळलं.

“भुराबाई, तुमाले मालूम होतं?”

“हाव.”

“कवापासून?”

“पह्यल्यापासून. मीच येत होतो संगं. गोंडपिपरीले चाललो म्हणून सांगू आन तिथून चंद्रपूरची बस धरू.”

गोंडपिपरीला तुझी बहीण राहते. उपकेंद्राची सिस्टर बीपी आणि साखर तपासायला गावात यायची, त्या दिवशी तुला नेमकी बहिणीची आठवण यायची. मी म्हणायची, हिचं बहिणीवर किती प्रेम. मला भाऊ नाही, बहीण नाही, मला हेवाच वाटायचा.

“आन मले काऊन नाई सांगतलं?” मी विचारलं. दवाखान्यात ओरडायचं नसतं हे मी गावाला शिकवते. मी ओरडले.

भुराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “तिनंच सांगतलं होतं, तुले नोको सांगू म्हणून. म्हणे, मंदाले सांगतलं त ती माही यादी करन. मंग मी शेवंता नाई राहीन. तिच्या वहीतला पेशंट होईन.”

त्यानंतर तू चार तास होतीस. त्या चार तासांत मी डॉक्टरांना अकरा प्रश्न विचारले, सगळे लिहून काढलेले. त्यातल्या एकाचंही उत्तर आता उपयोगाचं नव्हतं.

हो, मी यादी केली असती. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सोमवारची आणि गुरुवारची बस, तुझ्यासोबत कोण जाणार, तुझ्या भाकरीत मीठ किती, कोणता अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, रमेशला कधी बोलवायचं. सगळं लिहिलं असतं आणि सगळं केलं असतं. तू बोंबललीही असतीस, पण तू असतीस. हे वाक्य मी गेले एकवीस दिवस मनात इतक्यांदा म्हटलंय की आता ते पाठ झालंय. तू असतीस.

आणि तू, बाई, तू हे करावंस? दुसरी कोणी असती तर मी समजून घेतलं असतं. गावात दुखणं लपवणाऱ्या पुष्कळ आहेत, त्यांची माझ्याकडे वेगळी यादी आहे. पण ज्या बाईनं सगळ्या गावाला दुःख चारचौघांत आणायला शिकवलं, तिनं स्वतःचं तांदळाच्या ढोलीमागे ठेवावं?

जाळ्याबद्दल बोलते आहे मी. ते तूच सुरू केलंस. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी नीट लिहून ठेवते, कारण तू काही लिहिलं नाहीस आणि आता लोक आपापल्या मनानं सांगू लागलेत.

भुराबाईचा नवरा गेला तेव्हा त्याच्या परछीत, म्हणजे पडवीत, अर्धं विणलेलं जाळं लटकत होतं. तुमच्या मासेमार ढिवर लोकांत दुसऱ्याच्या हातचं अर्धं जाळं कोणी पुरं करत नाही. ते तसंच खुंटीला राहतं, उंदीर कुरतडतात, मग कधीतरी कोणी ते तळ्याकाठी नेऊन टाकतं. भुराबाई रोज सकाळी उठून त्या जाळ्याकडे तोंड करून बसायची. तू एक दिवस गेलीस आणि ते खुंटीवरून काढलंस. तुझ्या सासरच्या म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला. तू ते आणून समाजमंदिराच्या ओसरीत दोन खांबांमध्ये बांधलंस आणि भुराबाईला म्हणालीस, “बाई, पुढची ओळ तुमीच विणा. त्याच्या धोतराचा एक धागा सुतात घाला. बाकी मी पाह्यतो, कोण काय म्हणते त.”

मग दुसरी आली, मग तिसरी. ज्याचं माणूस गेलं त्यानं एक ओळ विणायची. एका ओळीला चाळीस घरं, म्हणजे जाळ्याची भोकं. ढिवर असो, कुणबी असो, गोंड असो, ज्याला विणता येत नाही त्याला भुराबाई शिकवेल. तुझे नियम तीन होते. ओळ फक्त गेलेल्या माणसासाठी. गेलेल्याच्या कपड्याचा एक तरी धागा सुतात हवा. आणि बांधलेली गाठ सोडवायची नाही, कशीही पडली तरी.

यादी ठेवायचं काम मी घेतलं. कोणी विणली, कोणासाठी, कोणत्या दिवशी. घरं सारखी यावीत म्हणून बांबूची पट्टी असते, तीसुद्धा मीच पिशवीत ठेवायची, नाहीतर ती हरवते. वही मी वसंताच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून न्यायची, पावसापासून बरी राहते म्हणून. वसंता माझा नवरा. गोंडपिपरीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून गेला, जाळं सुरू होण्याच्या आधीच्या वर्षी.

सुनंदाची ओळ तुला आठवते? मोह वेचायला गेलेल्या तिच्या नवऱ्याला वाघानं नेलं. तेव्हापासून ती कोणाशी बोलत नव्हती, माझ्या वहीत तिच्या नावापुढे मी “गप्प राहते” असं लिहिलं होतं आणि पुढे काय करायचं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. तू तिच्या घरी तीनदा गेलीस. चौथ्यांदा ती लुंगीची चिंधी मुठीत धरून आली. अख्खी ओळ मान वर न करता विणली. चाळिसावं घर झाल्यावर म्हणाली, “त्या दिशी त्यानं तंबाखूचा खर्रा मांगतला होता. म्या नाई देल्ला. म्हणलं, पैसे नाई झाडाले लागत.” ओसरीतल्या बारा बाया ऐकत होत्या. कोणी “जाऊ दे” म्हटलं नाही. तू फक्त म्हणालीस, “एकटीनं नोको वाहू वो. इथी ठेव थोडं.” पुढच्या महिन्यात मी तिच्या नावापुढचं “गप्प राहते” खोडलं.

तूच म्हणालीस ते. एकटीनं नोको वाहू. तेव्हा तुझी पिशवी ढोलीमागे होती.

आणि ते दोघे भाऊ, मायच्या मौतीनंतर बांधावरून भांडलेले. एकाच मायसाठी दोन ओळी कशाला, म्हणून तू त्यांना एकच ओळ दिलीस, दोन्ही टोकांकडून. ते पाठ फिरवून विणत आले आणि मधोमध भिडले, तर घरं जुळेचनात. भुराबाई म्हणाली, “बाप्पा! या घरातून मासा कायचा, बैल निंगून जाईन.” दोघंही हसले आणि मग एकजण रडला. ते मोठं घर अजून आहे, सतराव्या ओळीत. मी म्हटलं होतं, एवढं तरी सोडवून नीट करू. तू म्हणालीस, नाही. नियम म्हणजे नियम.

गडचिरोलीहून चित्रकलेच्या बाई आल्या, त्याही तुझ्यापुढे टिकल्या नाहीत. त्या म्हणाल्या, याला सहभागी कला म्हणतात, सगळ्यांनी मिळून घडवलेली कलाकृती. तू म्हणालीस, “असन बाई. आमी त जाळं विणून राह्यलो.” त्यांना ते सभागृहात मांडायचं होतं, प्रत्येक ओळीखाली नावाची चिठ्ठी लावून. मला ते फार पटलं. नावं तर माझ्याकडे तयारच होती. त्या चहा प्यायला बसल्यावर तू त्यांना विचारलंस, तुमचं कोण गेलं? तासाभरानं त्या भुराबाईकडून गाठ शिकत होत्या. त्यांचा धाकटा भाऊ. एकोणिसावी ओळ.

त्या गेल्यावर आपलं भांडण झालं, ते मिटलंच नाही. मी म्हटलं, जाळं तळ्यात टाकलं तर दोन वर्षांत सडेल. तू म्हणालीस, “पाण्यात गेल्याशिवाय त्याले जाळं कोण म्हणन? भिंतीवर टांगलं त पुन्हा अर्धंच राहीन.” मी म्हटलं, लोकांना कळलं पाहिजे इथे काय झालं ते. तू म्हणालीस, “ज्यायनं विणलं त्यायले मालूम आहे.” मी वही आपटली. तू माझी वही उचलून दुपट्ट्यात परत गुंडाळलीस आणि त्या दुपट्ट्यावरून हात फिरवत म्हणालीस, “तुही ओळ कवा, मंदे?”

हे तू दर वेळी विचारायचीस. मी म्हणायची, आधी बाकीच्यांचं होऊ दे. मी म्हणायची, यादी कोण ठेवेल. वसंताच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी लसीकरणाला गेले होते. तू आडवी आलीस, म्हणालीस, रड ना वो. मी म्हटलं, टाइम नाई. भुराबाई आता म्हणते की जाळं तू माझ्यासाठीच सुरू केलंस, तिचं नुसतं निमित्त. खरं असेल तर तेही तू मला सांगितलं नाहीस.

म्हणजे तू मला दर महिन्याला विचारत होतीस आणि मी तुला दर महिन्याला विचारत होते, आणि दोघीही “काही नाही” म्हणत होतो. हे लिहिताना मला ते दिसतंय. पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, शेवंता. मी न सांगितल्यानं कोणी मेलं नाही.

आता ओळीबद्दल.

आषाढात मी जाळं मोजलं तेव्हा ओळी एकतीस भरल्या. माझ्या वहीत तीस. तीनदा मोजलं. तू शेजारी बसली होतीस, नेहमीसारखी, जाळ्याचा घोळ मांडीवरून पायांवर पसरून. वर्षभर तू तशीच बसायचीस. मी एकदा विचारलं होतं, “काऊन वो, पाय कायले लपवून राह्यली?” तू म्हणालीस, “नखं दिसली की तू कात्री काढशील म्हणून.” सगळ्या हसल्या, मीही हसले. मी आशा आहे. सुजलेल्या पायावर अंगठा दाबायचा आणि खड्डा पडतो का ते पाहायचं, हे मी झोपेतही करू शकते. जाळ्याखाली हात घालायला मला फक्त वीतभर अंतर होतं.

“एक ओळ जास्त येऊन राह्यली,” मी म्हटलं.

“तुही मोजणी चुकली असन.”

“माही मोजणी चुकत नाई.”

“मंग जाळं चुकलं असन,” तू म्हणालीस.

शेवटच्या ओळीची घरं मोठी होती. पट्टीनं विणलेली नव्हती, हे कोणालाही दिसलं असतं. मला वाटलं कोणी पोरीसोरींनी हात साफ केला. मी वहीत एकतीस आकडा घातला आणि पुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून सोडून दिलं.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी, तळ्यावरून परत येताना, भुराबाईनं सांगितलं. मी वैशाखात तालुक्याच्या बैठकीला गेले होते, त्या दुपारची गोष्ट. ओसरीत तुम्ही दोघीच होता. पट्टी माझ्या पिशवीत, म्हणून तू दोन बोटांवर घरं मापलीस. तुझ्या हिरव्या लुगड्याच्या काठाचा धागा सुतात घातलास. मधेमधे आडवी पडत होतीस. संध्याकाळच्या बसनं मी यायच्या आत चाळीस घरं पुरी केलीस. भुराबाई म्हणाली होती, जित्या माणसाची ओळ नसते वो. तू म्हणालीस, “मंदाच्या यादीत माह्यं नाव येईन त ती फाडन वही. म्याच विणून ठेवतो.”

मी तशीच समाजमंदिरात गेले. जाळं खांबांना होतं. शेवटच्या ओळीच्या घरात मी माझी दोन बोटं घातली. घर सैल लागलं, बोटांच्या दोन्ही बाजूंना जागा उरली. माझी बोटं तुझ्यापेक्षा जाड आहेत. तू त्यावरून मला नावं ठेवायचीस, बांगड्या भरताना. वैशाखात तुझी बोटं सुजून केवढी झाली होती, ते त्या घरानं मला सांगितलं. तू नाही.

मला राग कशाचा आला ते नीट लिहिते, कारण भुराबाईला वाटतं मला दुखणं लपवल्याचा राग आहे. तोही आहे. पण तुझ्यामागे तुझ्यासाठी करायची एक गोष्ट माझ्या हातात उरली होती. तुझी ओळ. तीही तू माझ्या हातून काढून घेतलीस, मी बैठकीला गेलेली पाहून.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीत बसले आणि तुझी ओळ सोडवायला घेतली.

भुराबाई काठी टेकत आली. “काय करून राह्यली? सोडवू नोको वो! मेलेल्याची ओळ आहे!”

“मेलेल्याची नाई. विणली तवा ती जिती होती. ओळ मेल्यावर विणायची, तिचाच नियम आहे.”

“आन गाठ सोडवायची नाई, तो कोणाचा?”

“तोही तिचाच. एक तिनं मोडला, एक मी मोडते.”

भुराबाईनं कपाळाला हात लावला. “दोघी एका मायच्या असत्या त गाव विकून खाल्लं असतं तुमी,” म्हणाली आणि खांबाला टेकून बसली. थांबवलं नाही.

जाळं सोडवताना शेवटून सुरुवात करावी लागते. चाळिसावी गाठ आधी, मग एकोणचाळिसावी. मी टोच्या घेऊन तयारीनं बसले होते. टोच्याची गरजच पडली नाही. गाठ माझ्या नखाला लागली आणि उघडली. पुढचीही तशीच. त्यापुढचीही. तू गाठ बांधत होतीस, ओढत नव्हतीस. ओढायला हातात काही उरलं नव्हतं. माझा वेग वाढायला हवा होता, तो कमी होत गेला. अठ्ठाविसाव्या गाठीपर्यंत मी नुसत्या बोटांनी आले. तिथून गाठी जरा घट्ट लागू लागल्या. पंचविसाव्या घराशी मला टोच्या लागला. बाविसाव्याशी टोच्याही चालेना. तिथे तू अजून शेवंता होतीस, दोन्ही हातांनी डोंगा ओढून काठावर घेणारी. मी जोर लावला, बोट सोललं. गाठ हलली नाही.

मी तिथे थांबले. किती वेळ ते मोजलं नाही.

भुराबाई म्हणाली, “आता काय अर्धी ठेवतं का?”

सोडवलेलं सूत घेऊन मी सुईवर गुंडाळलं. पिशवीतून पट्टी काढली. तेविसाव्या घरापासून मी विणू लागले. भुराबाईनं बोट धरून पहिल्या दोन गाठी बांधून दाखवल्या. तीन वर्षं मी तिच्या शेजारी बसून सगळं लिहून घेतलं होतं, पण हाताला काही येत नव्हतं. एकतिसावं घर झालं आणि सूत तुटलं. इतक्यांदा वळलं-उलगडलं गेलेलं, ते विरलं होतं. “जोड काईतरी,” भुराबाई म्हणाली. जवळ काही नव्हतं. वही होती. वही दुपट्ट्यात होती.

मी दुपट्ट्याच्या काठाचा धागा ओढला. तो लांबच लांब निघत आला, एकदाही न तुटता. वसंताचा घाम, पावसाचं पाणी, चार वर्षांच्या बसमधल्या जाण्या-येण्याची धूळ, सगळं त्यात. तुझ्या हिरव्या धाग्याशी तो वळून घेतला आणि पुढची नऊ घरं विणली. चाळिसावं झाल्यावर काहीतरी बोलायचा रिवाज सुनंदापासून पडला आहे. समोर फक्त भुराबाई होती. मी म्हटलं, “त्या दिवशी तो म्हणाला होता, चाल माह्या संगं गोंडपिपरीले. मी म्हणलं, मले रजिस्टर पुरं करायचं आहे.”

भुराबाईनं “जाऊ दे” म्हटलं नाही. मग मी रडले. तुला हवं होतं तेवढं, चार वर्षांचं. तू मात्र नव्हतीस पाहायला, आणि त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

गडचिरोलीच्या बाईंना मी फोन केला की जाळं येणार नाही, ते पाण्यात जाणार आहे. त्या म्हणाल्या, “मग मी मासे खायला येते.” हा एक मुद्दा तू जिंकलीस. लिहून ठेवलंय, पेननं.

परवा सकाळी जाळं तळ्यात टाकलं. सुनंदा होती, ते दोघे भाऊ होते, एकाच डोंग्यात. रमेश कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोर सोडत होता. भुराबाईच्या नवऱ्याच्या जुन्या काळपट ओळी आधी बुडाल्या, मग आपल्या. मी काठावर उभी राहून मोजत होते. सतराव्या ओळीतलं बैलाचं घर दिसलं. शेवटची ओळ गेली तेव्हा अर्ध्यापर्यंत मोठी घरं आणि पुढे लहान, असं क्षणभर पाण्यावर स्पष्ट दिसलं आणि गेलं.

“अर्ध्या ओळीतून मासे निंगून जातीन,” एक भाऊ म्हणाला.

“जाऊ दे,” भुराबाई म्हणाली. “शेवंताच्या घरातून कोणी उपाशी गेलं का कवा?”

दुपारी ओढलं तर एक मरळ आणि थोडी किरकोळ मासळी होती. नव्या जाळ्याचा पहिला मासा शेवटची ओळ विणणाऱ्याच्या घरी जातो. यावर काठावर बरीच चर्चा झाली. शेवटी रमेशनं कोयतीनं मरळीचे दोन भाग केले. शेपटीकडचा माझ्याकडे आला. डोक्याकडचा तुझ्याकडे गेला, म्हणजे तुला तिथेही तुझ्या आवडीचंच मिळालं.

आज महिन्याची फेरी होती. तळ्याच्या बाजूनं सुरुवात केली. तिसऱ्या घराशी ओट्यावर कोणी नव्हतं. मी उभी राहिले, वही उघडली. माणूस गेलं की त्याच्या नावापुढे तारीख घालायची आणि नावावर आडवी रेघ मारायची असते. मारली. पेननं. त्याच्या पुढचे चोवीस “नाही” मी खोडले नाहीत. माझ्या अक्षरातलं खोटं आहे, ते तसंच राहू दे.

शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथे काही लिहिलंच पाहिजे असं नाही. मी लिहिलं: “खोटं सांगत होती.” सिस्टर विचारेल तर विचारू दे.

पेन्सिलीनं लिहिलंय.